दारव्ह्याहून पुसदला, रुळांशिवाय

मी भूगोल शिकवतो, आणि चार वर्षं मी यवतमाळच्या मुलांना एक अशी रेल्वे शिकवली जी जागेवर नव्हतीच. हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं, कारण या प्रवासाचं मूळ त्यात आहे.

आमच्या वर्गाच्या भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा माझ्या आधीच्या मास्तरांच्या वेळचा. त्यात मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी लहान गाडी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांनी दाखवलेली आहे. दारव्ह्याला तिला एक फाटा फुटतो आणि तो दिग्रसवरून थेट पुसदला जातो. मी साताऱ्याकडचा माणूस, नोकरीसाठी इकडे आलो. नकाशा भिंतीवर तयारच होता, मी छडी घेऊन दाखवत गेलो: दारव्हा, दिग्रस, पुसद. मुलं वहीत उतरवून घेत गेली. यंदा सातवीत दिग्रसची एक मुलगी नवी आली. ती उभी राहून म्हणाली, "सर, पुसदले आमी मोटारीनंच जातो जी. गाडी कायची? थे रूळ तं लढाईच्या वख्ती काढून नेले." वर्ग इतका हसला की काय झालं ते पाहायला शेजारच्या वर्गातून सुदाम आला.

सुदाम गणित शिकवतो. त्यानं दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं आणि मधल्या सुट्टीत मला म्हणाला, "मला तरी विचारायचं होतं. माझा बाप त्या लायनीवर गस्तीला होता." चार वर्षं आम्ही शेजारी बसून डबे खातो आणि हे मला ठाऊक नव्हतं! मी भलताच खजील झालो. म्हटलं, इतकी वर्षं जी गाडी शिकवली तिची वाट निदान पायी तरी बघून यावी. सुदाम म्हणाला, मीही येतो, वाटेत आमचं गाव आहे. कवायतीचे मास्तर बापूराव तर दिवस ठरायच्या आधीच तयार झाले. ते मारेगावकडचे, घरी कापसाची शेती, अंगानं पैलवान. चाळीसेक मैल म्हणजे त्यांच्या लेखी जेवणानंतरची शतपावली. त्यांनी या प्रवासासाठी खास पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. त्या बुटांविषयी पुढे बोलावं लागणारच आहे.

नाताळची सुट्टी लागली त्या दिवशी आम्ही निघालो.

दारव्हा

दारव्ह्यापर्यंत लहान गाडीनं आलो. फलाटावर एका हमालाला विचारलं, पुसदची लाईन कुठून जायची? त्यानं आम्हां तिघांकडे, आमच्या पिशव्यांकडे आणि बापूरावांच्या पांढऱ्या बुटांकडे सावकाश पाहून घेतलं. "पुसदची गाडी? बम उशीर केला बाप्पा तुमी," तो म्हणाला. मग हसून हात केला, "थे बाभूळ दिसते ना, त्याच्या मांगून पकडा."

बाभळीच्या मागे खरंच वाट होती. रूळ नाहीत, त्यांखालची लाकडी सिलिपाटं नाहीत. पण जमिनीला आठवण राहते. शेतांमधून पुरुषभर उंचीचा बांध सरळ निघाला होता. गाडीवाट असती तर ती एखाद्या झाडाला वळसा घालून गेली असती, हा बांध मात्र कशालाही जुमानत नव्हता. त्याच्या उतारावर शेतकऱ्यांनी तूर लावली होती आणि माथ्यावर शेळ्यांनी पाऊलवाट पाडली होती. पायाखाली मधूनच काळी गिट्टी लागे. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि बाया ओटीत बोंडं टाकत ओळीनं पुढे सरकत होत्या. आम्ही उंचावरून चालत असल्यामुळे त्या सगळ्या आमच्याकडे मान वर करून बघत. एकीनं विचारलं, "कोन्या गावचे जी? मोजनीवाले का?" बापूराव म्हणाले, "नाई माय, फिरून राह्यलो." "कामधंदा नाई वाट्टे," ती शेजारणीला म्हणाली, अगदी आम्हाला ऐकू येईल अशा बेतानं.

दुपारी एक स्टेशन लागलं. छप्पर शाबूत, फलाटावर ज्वारीची कणसं वाळत घातलेली आणि तिकिटाच्या खोलीत एक कुटुंब राहत असलेलं. तिकिटाची खिडकी तशीच होती, अर्धगोल, लाकडी फळीची. बापूरावांना राहवलं नाही. खिडकीत तोंड घालून ते म्हणाले, "तीन पुसद." आतून एका म्हातारीचा आवाज आला, "तिकीट नाई जी, ताक हाय." आणि त्याच खिडकीतून तीन पेले बाहेर आले. ताकात जिरं होतं आणि वरून हिरवी मिरची ठेचून टाकली होती. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी नाव, गाव, काम विचारतात आणि मग पाणी देतात. इथे सगळं पिऊन झाल्यावर म्हातारीनं विचारलं, "आता सांगा, कोन तुमी?" मला हा क्रम जास्त आवडला.

तिच्या घराची चौकट सिलिपाटाची होती. गोठ्याचे खांब सिलिपाटांचे. रूळ कुठे गेले, विचारल्यावर ती म्हणाली, जहाजात घालून नेले म्हणतात. तिच्या नवऱ्यानं आतून सांगितलं, जहाज नाही, त्यांच्या तोफा केल्या. यावर त्यांचं आत बराच वेळ भांडण चाललं, तोवर आम्ही निघालो.

सुदामचं गाव

दिवस कलायला आला तसे आम्ही सुदामच्या गावी पोचलो. पोचलो म्हणजे सुदाम आणि मी पोचलो. बापूराव बूट हातात घेऊन बऱ्याच मागून आले. दोन्ही टाचांना बोराएवढे फोड. "बूट छोटा निंगाला," असं ते म्हणाले, आणि आम्ही ते मान्य केलं.

सुदामचं घर वस्तीच्या टोकाला, लाईनीच्या अगदी खाली. छप्पन साली घरातल्या सगळ्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली सुदामच्या पदवीचा कागद, दोन्ही एकाच प्रकारच्या चौकटीत. सुदामचे वडील, किसनबाबा, ओट्यावर बसले होते. उजवा पाय लांब सोडलेला, जवळ काठी. मी नमस्कार केला. "लायनीनं आले का सडकेनं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. लाईनीनं म्हटल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि बांधाखालून पाणी जायची वाटेतली एकेक मोरी विचारायला सुरुवात केली. सातवी मोरी उभी आहे का? कमानीला तडा होता, तो वाढला का? मी भूगोलाचा मास्तर, पण मोऱ्या मोजल्या नव्हत्या. त्यांची माझ्याबद्दल निराशा झालेली स्पष्ट दिसली.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि लसणाचा ठेचा. साताऱ्याची ज्वारी मी सगळ्यांत चांगली समजत आलो होतो, ते मत त्या ओट्यावर जरासं हललं. घरी मी हे अर्थातच बोललेलो नाही.

जेवताना सुदाम म्हणाला, "बाबा, यांना तुमचा बिल्ला दाखवा की." आणि आम्हाला सांगू लागला, "लहानपणी शाळेत माझी फुशारकी काय, तर माझा बाप रेल्वेत, त्याचा नंबर दहा." बाबांनी पत्र्याच्या डब्यातून एक पितळी बिल्ला काढला. तळहाताएवढा गोल, वर ठसठशीत दहाचा आकडा. रोज पुसत असावेत इतका लख्ख.

"हा माहा नव्हे," बाबा म्हणाले.

सुदामचा घास हातातच राहिला.

"माहा नंबर नऊ. हा दुसऱ्याचा." आणि मग त्यांनी सांगितलं ते मी जसं आठवतं तसं देतो. "आमची गस्त तीन तीन मैलाची असे मास्तर. सकायची पयली गाडी येयाच्या आधी रूळ पायत पायत जाचं. टोकाले दगड. तिकडून दुसरा गस्तीवाला येई. त्याचा बिल्ला म्या घ्याचा, माहा त्यानं घ्याचा. संध्याकाई मुकादम पाहे. माह्यापाशी दहा असला म्हंजे मी पुरा तीन मैल गेलतो. नसला म्हंजे अर्ध्यातून वापस आलो. दुसऱ्या रोजी पुन्हा जाचं, ज्याचा त्याले देऊन टाकाचा. एक दिवस त्याचा मापाशी, एक दिवस माहा मापाशी. अकरा वर्सं."

"आणि हा?"

"एक रोज अदलाबदल झाली. दुसऱ्या रोजी जाले निंगालो, तं मुकादम म्हने, गस्त बंद. लायन बंद. बिल्ला जमा कर. आता दुसऱ्याचा बिल्ला मी जमा कसा करू? त्याच्या हाती जाले पायजे ना थो. म्या सांगतलं, हरवला. उभ्या नोकरीत येवढं एकच खोटं बोललो."

"त्या माणसाचं नाव काय?"

"दहा."

"नाव हो बाबा."

"नाई माहीत. थो मले नऊ म्हने, मी त्याले दहा. येवढ्या पहाटी नावगाव कोन इचारते? बिडी ओढली का चालले आपापल्या बाजूनं." लाईन बंद झाली तसे बाबा वणीकडे कोळशाच्या खाणीत गेले. बारा वर्षं तिकडे राहिले, तिथेच पाय गेला. गावी परत आल्यावर त्या दगडापर्यंत जायचं रोज मनात येई, पण पाय उचलत नसे.

मी म्हटलं, "अहो, घरी बैलगाडी आहे. तीन मैल तर जायचं."

त्यांनी माझ्याकडे सातव्या मोरीच्या वेळी पाहिलं होतं तसंच पाहिलं. "बैलगाडीत बसून गस्त असते का मास्तर?"

मग बिल्ला त्यांनी सुदामच्या हातात ठेवला. "तुमी त्याच अंगानं चालले ना. दगडाच्या पलीकडं इचारा. असला जिता तं त्याले द्या. मी मेलो म्हंजे पोट्टे मोडीत घालतीन. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून मले जाचं नाई." हे ते अगदी शांतपणे बोलले. सुदाम मात्र नंतर जेवलाच नाही. मला म्हणाला, "वीस वर्षं मी चुकीचा आकडा सांगत फिरलो." मी त्याला म्हटलं, मी आख्खी रेल्वे चुकीची सांगत होतो.

गस्तीची वाट

सकाळी बापूरावांनी पायांना हळद-तेल लावलं, बूट पिशवीत टाकले आणि सुदामच्या धाकट्या काकांच्या वहाणा घालून निघाले. आता आम्ही किसनबाबांच्या गस्तीवर चालत होतो. सुदाम खाली बघून चालत होता, जणू रूळ अजून आहेत आणि ते धरून ठेवणारी एखादी चावी निसटलेली असेल. मी या वेळी मोऱ्या मोजल्या.

हा टापू कालच्याहून वेगळा. शेतं मागे पडली, दोन्ही अंगांना सागाचं जंगल आलं, मोठाली पानं सुकून तांबूस झालेली. लाईन टेकडीतून कापून काढली होती तिथे दोन्ही बाजूंना मुरमाच्या भिंती होत्या आणि आत गारवा. पुढे एक नाला आला. पुलाचे दगडी खांब उभे होते, वरचं लोखंड गेलेलं. खाली उतरून ओलांडताना एका शेवाळलेल्या दगडावर माझा पाय सटकला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो. मला काही झालं नाही. पण विजारीच्या खिशात नकाशा होता, भिंतीवरच्या नकाशावरून मी शाईनं उतरवून घेतलेला. घडी उलगडली तेव्हा अरुणावती नदी, दिग्रस आणि पुसदचा फाटा सगळं मिळून एक निळा डाग झाला होता. बापूराव म्हणाले, "चला, आता तं तुमीबी मान्य केलं ना का लायन नाई म्हून?"

दगड सापडला. मैलाचाच दगड, बांधाच्या कडेला, निम्मा मातीत. वरचा आकडा झिजला होता. त्याच्या एका अंगाला बसून बसून गुळगुळीत झालेली जागा होती आणि समोर, दुसऱ्या अंगाला, तशीच दुसरी. आम्ही तिथे शेंगदाण्याची चटणी आणि कालच्या भाकरी खाल्ल्या. त्या जागांवर मात्र कोणी बसलं नाही, आणि तसं कोणी ठरवलंही नव्हतं.

पलीकडे तीन मैलांवर बंजाऱ्यांचा तांडा लागला. बाहेर उन्हात बसलेल्या माणसांना सुदामनं विचारलं, इथे लाईनीवर गस्तीला होता असा कोणी? ते हसले. लाईन उखडायला अर्धा तांडा होता म्हणे. गस्तीचं कोणाला आठवेना. मग मी सुदामला म्हटलं, बिल्लाच दाखव. बिल्ला हातोहात फिरला. शेवटी तो एका बाईच्या हाती आला, साठीच्या पुढची, दंडापर्यंत हस्तिदंती चुडे घातलेली. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, "आवो, बेसो" म्हणाली, आम्हाला आपल्या झोपडीपुढच्या बाजेवर बसवलं आणि आत गेली. बाहेर आली ती तसलाच एक बिल्ला घेऊन. त्यावर हळदकुंकवाची पुटं चढलेली होती, दर दसऱ्याला एक याप्रमाणे. तिनं पदरानं पुसलं तेव्हा खाली आकडा दिसला: नऊ.

सुदाम उठून उभा राहिला आणि लगेच पुन्हा बसला.

दहा नंबरला शेतातून बोलावून आणलं. त्यांचं नाव थावरू. उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडी. आले ते सरळ सुदामसमोर येऊन थांबले आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहू लागले. कोणी काही सांगायच्या आधी म्हणाले, "नऊचा पोट्टा काय रे तू?"

"हो. कसं ओळखलं?"

"उभा तसाच राह्यते."

सुदामनं बिल्ला पुढे केला. बाबांचा निरोप सांगितला, हरवल्याचं खोटं सांगितल्याचंही सांगितलं. थावरूबाबा ऐकत होते, पण हात पुढे करत नव्हते. "म्याबी हरवलाच सांगतला," ते म्हणाले. "महिनाभर दगडापाशी जाऊन पाह्यलं, थो आला नाई. पन हा मी तुह्या हातून नाई घेत. अन् त्याचा तुह्या हाती नाई देत."

मला वाटलं, रागावले. सुदामलाही तसंच वाटलं. त्याचा चेहरा उतरला. गावात पूर्वी त्याच्या वडिलांच्या हातचं न घेणारे पुष्कळ होते, आणि ती आठवण अजून फार जुनी झालेली नाही. थावरूबाबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी त्याला हाताला धरून बाजेवर आपल्याजवळ बसवलं.

"तसं नाई बेटा. त्याच्या बिडीनं मी अकरा वर्सं माही बिडी पेटवली. हे दुसरं हाय. आमचं ठरलं होतं. बिल्ला दगडाखाली ठेवून जाचा नाई अन् तिसऱ्याच्या हाती द्याचा नाई. बाकीचे ठेवत. थंडी, पानी, कोन थांबते? एका रोजी मी गेलो नाई. ताप भरून मोरीत पडलो होतो, वरून पाऊस. थो दगडापाशी थांबला. मी दिसलो नाई तं थो माह्या गस्तीवर घुसला अन् मले पाठीवर घेऊन आला. दगडाखाली बिल्ला ठेवाची रीत असती, तं थो ठेवून वापस गेला असता. मी थितंच मेलो असतो. तवापासून तं थे रीत पक्कीच. हाती द्याचा, तोंड पाहून."

"पण त्यांना चालवत नाही," सुदाम म्हणाला.

"मंग सांग त्याले, सकाई मी दगडापाशी येऊन उभा हाय. जमन तसा ये म्हना."

सुदाम पाणी प्यायला आणि दुपारच्या उन्हात आल्या वाटेनं सहा मैल परत निघाला. आम्ही दोघं तांड्यावरच राहिलो. थावरूबाबांच्या बायकोनं बापूरावांच्या टाचांना कसलासा पाला वाटून लावला आणि शेकोटीत हुरडा भाजून आमच्यापुढे ओतत राहिली. "खा जी" हे दोन शब्द तिनं इतक्यांदा म्हटले की शेवटी बापूरावांसारख्या माणसालाही हात जोडावे लागले. थावरूबाबा मात्र काही खात नव्हते. त्यांनी दोनदा मला विचारलं, "पाय म्हंजे कोनता? उजवा का डावा?" उजवा, मी म्हटलं. त्यांनी शेकोटीत एक काटकी सारली. मग स्वतःशीच म्हणाले, "येनार नाई थो. गाडीत बसून तं मुळीच येनार नाई."

दगडाजवळ

सकाळी आम्ही त्यांच्याबरोबर दगडाकडे आलो. पण दगडापर्यंत ते गेलेच नाहीत. चाळीस-पन्नास पावलं अलीकडे थांबले. "तिकडून थो निंगाला का मंग मी निंगन," म्हणाले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. हातात नऊ नंबर धरून उभे.

ऊन वर आलं. सागाच्या पानांवरचं दव वाळलं. एक गुराखी गुरं घेऊन लाईन ओलांडून गेला. बापूराव माझ्या कानात म्हणाले, "म्हातारा हट्टी हाय. नाई येनार." मलाही तसंच वाटू लागलं होतं, आणि सांगायला लाज वाटते, पण मला थोडी भूकही लागली होती. थावरूबाबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी तो पुसला नाही.

मग दूर, बांधाच्या खालच्या अंगानं, बैलगाडीची चाकं वाजली. शेवटच्या मोरीशी गाडी थांबली. सुदामनं नंतर सांगितलं की तिथवर गाडीत बसायला बाबांना तयार करण्यातच सगळी संध्याकाळ गेली होती. अखेर तोड निघाली ती अशी: गाडी बांधावर चढवायची नाही, आणि दगड दिसू लागला की उतरायचं.

किसनबाबा उतरले. सुदामनं हात द्यायला पाहिलं तर त्यांनी काठीनंच त्याला बाजूला सारलं. बांधावर चढायला मात्र त्यांनी त्याचा खांदा घेतला. वर आल्यावर खांदा सोडला, धोतर नीट केलं, डोक्याचं मुंडासं चाचपलं आणि चालायला लागले. एक पाऊल, काठी, मग दुसरा पाय ओढत. जाताना मान खाली, आधी उजवीकडे, मग डावीकडे. ते रूळ तपासत होते.

इकडून थावरूबाबाही निघाले. त्यांचे पाय चांगले होते, पण त्यांनी पावलं मुद्दाम लहान केली. दोघं दगडाशी एकाच वेळी पोचले.

"नऊ," किसनबाबा म्हणाले.

"दहा."

"रस्ता साफ?"

"साफ."

त्या रस्त्यावर हातभर उंच गवत उभं होतं. मी बापूरावांकडे पाहिलं, तर ते पाठ फिरवून उभे होते.

बिल्ले बदलले. ना मिठी, ना रडणं. दोघं दगडाच्या दोन अंगांना आपापल्या गुळगुळीत जागांवर बसले. थावरूबाबांनी बिड्या काढल्या, किसनबाबांनी काडी ओढली. आम्ही लांब उभे होतो. वाऱ्यावर आलं तेवढंच ऐकलं. किसनबाबा बिल्ल्यावरचं कुंकू नखानं खरवडत म्हणाले, "हे काय लावलं बे?" थावरूबाबा म्हणाले, "बायकोनं." थोड्या वेळानं थावरूबाबा त्यांच्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तुह्या नाकावर तीळ हाय. मले माहीतच नव्हतं." किसनबाबा म्हणाले, "उजेडात कवा भेटलो आपन?"

बिडी संपली. दोघं उठले, आणि आपापल्या बाजूला तोंड करून निघाले. मागे वळून कोणी पाहिलं नाही. थावरूबाबांनी आम्हा दोघांना नुसता हात केला आणि त्याच लहान पावलांनी तांड्याच्या दिशेनं गेले. सगळं मिळून दहा मिनिटं झाली असतील. सुदामला ते लागलं. "वीस वर्षांनी भेटले आणि एवढंच?" तो मला म्हणाला.

बैलगाडीत आता आम्ही सगळे बसलो, कारण बापूरावांच्या टाचा पुसदपर्यंत जाणार नाहीत हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. म्हणजे पुसद राहिलंच. या लेखाच्या मथळ्यात ते आहे, प्रवासात नाही. किसनबाबा मागच्या बाजूला, पाय सोडून, दगडाकडे तोंड करून बसले होते. मूठ मिटलेली. मी म्हटलं, "बाबा, झालं ना मनासारखं? आता आपला नंबर आपल्यापाशी. बघू तरी."

त्यांनी मूठ उघडली. लख्ख पितळ, आणि वर दहा.

"अहो, हा तर त्यांचाच! नऊ कुठाय?"

"त्याच्यापाशी."

"बदलले होते ना?"

"बदलले. बसलो, बिडी ओढली. उठताना पुन्हा बदलले." त्यांनी मूठ मिटली. मग बराच वेळ हसत राहिले, पुढचे दात नसलेलं हसू. "ज्याचा त्याच्यापाशी गेला, तं मंग येईन कायले कोनी? येत्या पुनवेले थो येनार हाय. मलेबी जा लागते आता." आणि सुदामकडे न बघता त्याला म्हणाले, "गाडी मोरीपर्यंतच आनजो. आजच्यावानी."

सुदामनं बैलांचा कासरा दुसऱ्या हातात घेतला आणि डोळे पुसले.

सुट्टीनंतर शाळा भरली. नकाशा भिंतीवर तसाच होता. मी छडी दारव्ह्यावर ठेवली तसा वर्ग सावध झाला. दिग्रसच्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, मंग ते लायन खोडाची का आता वहीतून?"

मी म्हटलं, "राहू दे. गाडी बंद आहे, गस्त चालू आहे."